मामाने बोट टोचवून घेतलं, तेव्हापासून

मासे पकडायच्या गळाला पहिल्यांदा हात कधी लावला, असं कुणी विचारलं तर सांगतो. माझी सुरुवात १९८८ची, चौथीच्या मे महिन्यातली. मामा गोऱ्ह्याला राहायचा, खडकवासल्याचं पाणी घरापासून पाच मिनिटांवर. बांबूची काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा), मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि आमिष म्हणजे आजीच्या परातीतली चोरलेली कणीक. ती नुसती लावली की पाण्यात विरघळते. मामा त्यात थोडा कापूस मळायचा, मग गोळी गळावर टिकायची.

पहिली लागली ती तळहाताएवढी चिलापी, म्हणजे तिलापिया मासा. मामाने ती गडबडीत शेपटीकडून धरली आणि पाठीचे काटे बोटात घुसले. डोक्याकडून हात मागे सरकवत काटे दाबायचे असतात, हे त्याने मला रक्त पुसता पुसता शिकवलं! (ही चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ साली आणली. आता धरणाधरणांत तीच.)

गळ टाकून मासे पकडणं म्हणजे 'हे सगळे साहेबांचे (इंग्रजांचे) शौक' असं काही जण म्हणतात, ते मात्र पटत नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोडनदीकाठी इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत माशांची हाडं सापडली आहेत. साहेब तेव्हा कुठे होता?

हल्ली रॉड-रीळ आहे, जाणं मात्र महिन्यातून एकदाच. कणकेत कापूस अजून घालतो.