रक्तातले निसर्गप्रेम आणि गव्यांनी मोडलेल्या केळी

कुळागरकर
काल येथे एका सदस्याने लिहिले की निसर्गाची ओढ माणसाच्या रक्तातच असते, ज्याच्यात ती दिसत नाही तो शहराने बिघडवलेला असतो आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या मुलांना ती जन्मतःच मिळते. ते वाचून उत्तर लिहिल्याशिवाय झोप लागेना. मी सत्तरीतच जन्मलो. पावसाळा सरता सरता आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-केळींच्या बागायतीत, गवे शिरले आणि घडावर आलेल्या केळी त्यांनी एका रात्रीत आडव्या केल्या. सकाळी चिखलातल्या खुरांच्या खुणांत पाणी साचले होते आणि आई त्या ओलांडत तुडवलेल्या घडांच्या उरल्यासुरल्या फण्या टोपलीत भरत होती. त्या सकाळी आमच्या घरात कोणाच्याही रक्ताने उसळी घेतली नाही. ज्याचे काही मोडत नाही, त्याला निसर्ग आवडणे सोपे असते.

मांडवीकाठी
आपण माझे अर्धेच वाक्य उचललेत. ब्रिटनमधील अकराशेहून अधिक जुळ्या जोड्यांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. निसर्गाकडे असणाऱ्या कलात माणसामाणसांत जो फरक पडतो, त्यातला सुमारे ४६ टक्के फरक त्यात अनुवंशाशी जोडलेला आढळला. बाकीचे आम्ही घालवले, कारण पणजीत तुळशीवृंदावनापर्यंत फरशा बसवून झाल्या आहेत आणि पायाला माती लागली की मुले रडतात.

फोंड्याची शिक्षिका
उरलेल्या ५४ टक्क्यांना आपण दोन ओळींत गुंडाळलेत, म्हणून लिहिते. प्रयोगशाळेत वाढलेली माकडे सापाला भीत नाहीत. मात्र सापाला घाबरलेले दुसरे माकड चित्रफितीत दाखवले की तीही भिऊ लागतात. त्याच युक्तीने फुलांची भीती मात्र त्यांना शिकवता आली नाही. म्हणजे भीतीची जमीन जन्मतः तयार असते आणि बी घरातली माणसे टाकतात. माझी आजी सातेरी देवीच्या रोयणीपाशी, म्हणजे वारुळापाशी, किरडू दिसले तर हात जोडून बाजूला होत असे. आई मात्र किंचाळायची. मी आईकडून शिकले आणि आज पन्नाशीतही अंगणात पडलेली पाण्याची नळी पाहून दचकते. रक्त तर तिघींचे एकच!

कुळागरकर
प्रयोगशाळेतली माकडे राहू द्या, आमच्या माडावरची माकडे अडसरे, म्हणजे कोवळे नारळ, फोडून खाली टाकतात त्याचे बोला. भरपाईचा अर्ज केला, तर पंचनाम्याला माणूस येईपर्यंत केळीचे खांब कुजून गेले होते आणि आलेल्या गृहस्थांनी मलाच विचारले, ‘केळी कुठे आहेत?’ जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्याच गोळावली गावात चार वाघ विषाने मेले. वाघाने गुरे मारल्याचा राग त्यामागे होता. ज्या मुलखात वाघ ‘वाघ्रो’ म्हणून देवासारखा पुजला जातो, तिथे हे घडले. भक्ती आणि विष एकाच वस्तीत कसे नांदले, हे आपल्या ४६ टक्क्यांतून सांगा.

मांडवीकाठी
म्हणजे विष घालणे आपणास मान्य आहे, असे समजावे काय? उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये गोव्यात व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तो आपल्यासारख्यांच्या डोळ्यांत सलतो, एवढेच यातून दिसते.

कुळागरकर
मी कारण सांगितले, समर्थन केलेले नाही. हा फरक मराठीत अजून शिल्लक आहे. गाय हे ज्या घराचे रोजचे उत्पन्न, तिथे पैसे महिनोन्‌महिने अडकले की वाघ हा देव उरत नाही. भरपाई आठवड्यात हातात पडली असती तर किती वाघ वाचले असते, हा प्रश्न आपल्याला कधी पडला का? आदेशाचे पेढे पणजीत वाटले गेले असतील, धाकधूक आमच्या वाड्यावर आली.

फोंड्याची शिक्षिका
भरपाईचे पटते. पण कुळागरकर, एवढी चीड असताना आपण कुळागर विकून मोकळे का होत नाही?

कुळागरकर
वर्मावर बोट ठेवलेत. श्रावणात रोयणीवर ओळमी, म्हणजे रानअळंबी, उगवतात. त्या बाजारात मिळतात आणि त्या घेण्याची ऐपतही आहे, तरी मी पहाटे चार वाजता विजेरी घेऊन पावसात जातो, कारण सात वर्षांचा असताना वडिलांनी त्याच रोयणीपाशी मला हळू पाऊल टाकायला शिकवले होते. याला रक्त म्हणायचे असेल तर मांडवीकाठी यांनी खुशाल म्हणावे, तेवढे ४६ टक्के त्यांना दिले. रोयण कुठे आहे, ते मात्र विचारू नये.