इंगेमार स्टेनमार्क : ८६ विजय, मग एकूण विश्वचषक तीनच का?

हिमरेषा (प्रश्न)

अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनने ११ मार्च २०२३ रोजी स्वीडनमधल्या ऑरेला अल्पाइन स्कीइंगच्या (बर्फाळ डोंगरउतारावरच्या शर्यतींच्या) विश्वचषकातली ८७वी शर्यत जिंकली तेव्हा स्वीडनच्या स्टेनमार्कचा ८६ विजयांचा विक्रम मोडला. त्या निमित्ताने त्याच्या कारकिर्दीचे आकडे नीट पाहिले, आणि काही गोष्टींचा मेळ लागत नाही.

१९७६, ७७, ७८ अशी लागोपाठ तीन वर्षं तो एकूण विजेता, म्हणजे हंगामातल्या सगळ्या प्रकारांचे गुण मिळून पहिला. १९७८-७९च्या हंगामात तर त्याने १३ शर्यती जिंकल्या, पण एकूण क्रमवारीत पाचवा! त्यानंतर १९८९ला निवृत्त होईपर्यंत एकूण विजेतेपद पुन्हा मिळालंच नाही. १९८०च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं, आणि १९८४ला तो सहभागीच नाही. तो डाउनहिल (सगळ्यात वेगवान, कमी वळणांची शर्यत) उतरत नव्हता एवढंच याचं कारण आहे, की नियमांचाही हात आहे? शिवाय त्याच्या वळणांची जी तारीफ होते, त्यात नेमकं काय वेगळं होतं, हेही कुणी जाणकाराने उलगडून सांगितलं तर बरं होईल.

चौथागेट

दोन्ही कारणं आहेत, पण नियमांचा वाटा जास्त. गुणांचा हिशोब मांडला की लगेच कळतं.

त्या काळात पहिल्याला २५, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १५ गुण मिळायचे. पुढे ११, ८, ६, ४, ३, २, १ असे दहाव्या क्रमांकापर्यंत. मात्र एकूण क्रमवारीसाठी प्रत्येक प्रकारातले फक्त सर्वोत्तम तीन निकाल धरायचे. म्हणजे एका प्रकारात कितीही जिंका, ७५च्या वर गुण नाहीत. स्टेनमार्कचे प्रकार दोनच, स्लॅलम आणि जायंट स्लॅलम (दोन्हींत खांबांच्या गेटांमधून वळणं घेत उतरायचं; जायंटमध्ये गेटं जास्त अंतरावर). दोन्हींत मिळून कमाल १५०.

१९७८ला त्याचे बरोब्बर १५० झाले आणि तेवढ्यावर तो आरामात जिंकला, कारण दुसऱ्या क्रमांकावरच्या फिल मारेचे ११६ होते. पुढच्या हंगामातही त्याचे १५०च झाले. पण त्या वर्षी कंबाइंडच्या (दोन प्रकारांचा निकाल एकत्र धरण्याच्या) गुणांना वजन आलं होतं. स्वित्झर्लंडचा पीटर ल्यूशर १८६ गुणांनी पहिला आला. त्याच्यामागे लेओनहार्ड श्टॉक, फिल मारे, पिएरो ग्रोस आणि मग स्टेनमार्क.

आता ते १३ विजय पाहा. त्या हंगामातल्या दहाच्या दहा जायंट स्लॅलम त्याने जिंकल्या आणि तीन स्लॅलम. एकूण गुणांत धरले गेले तीन अधिक तीन, म्हणजे सहाच. उरलेल्या सात विजयांचा एकूण क्रमवारीत एकही गुण नाही. एखाद्या फलंदाजाने तेरा शतकं ठोकावीत आणि सरासरीसाठी त्यातली सहाच मोजावीत, असा हा प्रकार. आजच्या पद्धतीत विजयाला १०० गुण असतात आणि निकाल गाळले जात नाहीत. त्या मापाने नुसत्या या विजयांचेच १३०० गुण झाले असते. माझ्या मते हा नियम खेळाडूवर अन्याय करणाराच होता. अष्टपैलू खेळाडूला बळ द्यायचं तर कंबाइंडचे गुण वाढवा. जिंकलेली शर्यत शून्यावर आणणं कुठल्याही हिशोबात बसत नाही.

पुढे मर्यादा थोडी सैल झाली, तरी चित्र फारसं बदललं नाही. १९८१ला फिल मारे २६६, स्टेनमार्क २६०. सहा गुणांनी गेलं.

पूर्वेचा_उतार

वरच्या हिशोबात डाउनहिलची बाजू जोडतो. कंबाइंडमध्ये डाउनहिल आणि स्लॅलम असे दोन्ही निकाल लागायचे, त्यामुळे त्या गुणांसाठी डाउनहिल उतरणं भाग होतं. सप्टेंबर १९७९मध्ये इटलीतल्या श्नाल्सटालला डाउनहिलच्या सरावात तो जोरात पडला, डोक्याला मार बसला. पाचच महिन्यांनी लेक प्लॅसिडचं ऑलिंपिक होतं. विश्वचषकात डाउनहिल तो एकदाच उतरला, १९८१ला, आणि तीही ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलला, अतिशय अवघड मानल्या जाणाऱ्या उतारावर! तिथे ३४वा आला, पहिल्या आलेल्या स्टीव्ह पॉडबोर्स्कीपेक्षा दहा सेकंदांहून जास्त मागे. हिशोब फक्त कंबाइंडचा होता.

आता वळणांबद्दल. ते समजायला त्या वेळचं सामान डोळ्यांसमोर हवं. स्लॅलमच्या स्की दोन मीटरच्या आसपास लांब आणि जवळजवळ सरळ. मधली कंबर (मध्यभागी अरुंद होणं) अगदी थोडी. आज पुरुषांच्या स्लॅलम स्कीची किमान लांबी १६५ सेंटीमीटर आहे आणि कंबर खोल, त्यामुळे स्की कडेवर कलंडवली की ती आपणहून वळते. जुन्या स्कीवर तसं होत नसे. आधी स्की फिरवायची, मग कड रोवायची. या दोहोंच्या मधल्या क्षणी स्की आडवी घसरते आणि तिथेच वेग मरतो.

बहुतेकांची चूक एकच: गेटकडे सरळ जायचं आणि वळण गेटपाशी सुरू करायचं. मग वळण गेटच्या खाली संपतं, पुढचं गेट आणखी उशिरा मिळतं, आणि चारपाच गेटांत माणूस रेषेच्या इतका खाली येतो की आडवं घसरत परत यावं लागतं. स्टेनमार्क वळणाचा मोठा भाग गेटच्या वरच उरकायचा. वजन बाहेरच्या स्कीवर, वरचं शरीर स्थिर, आणि वळण संपता संपता डोंगराकडच्या स्कीवर पाऊल टाकून अर्धाएक मीटर उंची कमवायची. ती उंची पुढच्या गेटला उपयोगी पडते. कड रोवताना झटका नसल्याने बर्फ फारसा उडत नसे, म्हणून तो बघणाऱ्याला सावकाश वाटायचा. घड्याळ वेगळं सांगायचं: १९७९ला यास्नाच्या जायंट स्लॅलममध्ये दुसऱ्या आलेल्या बोयान क्रिझायवर ४.०६ सेकंदांची आघाडी.

हिमरेषा

मनापासून आभार, ७५ची मर्यादा माहीतच नव्हती. मग १९८१नंतर त्याचे विजय कमी होत गेले, ते वयामुळे की आणखी काही?

पूर्वेचा_उतार

वय होतंच, पण खांबही बदलले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बिजागरीचे खांब आले. आधीचे खांब कडक, बांबूचे, त्यामुळे खांदा आणि अख्खं शरीर वळसा घालून न्यावं लागे. बिजागरीचा खांब हाताने किंवा नडगीने आडवा पाडता येतो. पाय खांबाच्या बाहेरून, शरीर आतून. प्रत्येक गेटला रेषा काही इंच आखूड होते, आणि गेटं साठसत्तर असतात. स्टेनमार्कची सगळी सवय वळसा घालण्याची. तरी १९८३चा स्लॅलमचा करंडक त्यानेच घेतला, आठवा. दुसरा आला स्टिग स्ट्रँड, तोही त्याच्याच टॅर्नाबी गावचा! पुढे स्कीपटू अन्या पार्सनही तिथलीच. स्वीडनच्या उत्तरेला नॉर्वेच्या सीमेजवळचं, जेमतेम पाचसहाशे वस्तीचं गाव आहे ते.

मेणाचा_डबा

१९८४चं उत्तर राहिलं. त्याने ‘ब’ परवाना घेतला होता. हा परवाना असला की जाहिरातींचे पैसे महासंघामार्फत न येता थेट खेळाडूला घेता येत. विश्वचषकात भाग घेता यायचा, पण ऑलिंपिकची हौशीपणाची अट तेव्हा लागू असल्याने सारायेव्होचं दार बंद झालं. लिख्टेनश्टाइनच्या हान्नी वेन्झेललाही याच कारणाने बाहेर राहावं लागलं. म्हणजे लेक प्लॅसिडचे दोन सुवर्णविजेते पुढच्या खेळांत नव्हते. १९८८ला कॅलगरीत त्याला उतरू दिलं, तेव्हा बत्तिशीच्या उंबरठ्यावर असताना स्लॅलममध्ये पाचवा आला.

लेक प्लॅसिडबद्दल एक गोष्ट आवर्जून बघा. जायंट स्लॅलममध्ये पहिल्या फेरीनंतर तो तिसरा होता, स्लॅलममध्ये चौथा. दोन्ही सुवर्णं दुसऱ्या फेरीत कमावलेली आहेत. दोन्ही फेऱ्यांच्या वेळांची बेरीज होते, त्यामुळे पहिल्या फेरीत गेट न हुकवता जवळ राहायचं आणि दुसरीत सगळं लावायचं, ही त्याची रीत ठरून गेली होती.

स्की मात्र कारकीर्दभर एकाच कंपनीच्या, एलानच्या. कारखाना बेगुन्ये गावात, तेव्हाचा युगोस्लाव्हिया, आताचा स्लोव्हेनिया.

चौथागेट

शिफ्रिनशी तुलना करताना एक लक्षात ठेवा. स्टेनमार्कचे ८६ विजय दोनच प्रकारांतले आहेत : ४६ जायंट स्लॅलम, ४० स्लॅलम. पहिला डिसेंबर १९७४मध्ये मादोन्ना दी काम्पील्योला, शेवटचा फेब्रुवारी १९८९मध्ये ॲस्पेनला. शिफ्रिनने डाउनहिल आणि सुपर-जीही (डाउनहिल आणि जायंट स्लॅलम यांच्या मधला प्रकार) जिंकल्या आहेत आणि फेब्रुवारी २०२५मध्ये सेस्त्रिएरेला शंभरी गाठली. पुरुषांमध्ये त्याच्यानंतरचा आकडा मार्सेल हिर्शरचा, ६७.