शिशाचं वजन, वर सरकारी ठसा: अथेन्सकरांनी विश्वास ठेवला कसा?

काथ्याकूट (धागाकर्ता)
अथेन्सच्या आगोरात, म्हणजे प्राचीन बाजारचौकात, शिशाची चौकोनी वजनं भरपूर सापडली आहेत. वर उठावाचं चित्र. डॉल्फिन असला तर एक मिना (तिथलं वजनाचं एकक), प्राण्याच्या घोट्याचं हाड असलं तर स्टाटेर म्हणजे दोन मिना, दोन कानांचा रांजण म्हणजे स्टाटेरचा तिसरा हिस्सा, कासव चौथा, अर्धं कासव आठवा. काहींवर 'देमो' ही अक्षरं आहेत. 'देमोसिओन' म्हणजे जनतेचं, सरकारी.

चित्रं गोड आहेत, पण मला ही निवडच फसवी वाटते. शिसं नखानंही ओरखडतं. अथेन्सजवळच्या लाव्रिओनच्या खाणीत चांदी काढताना शिसं ढिगानं निघायचं, स्वस्तात मिळालं म्हणून वापरलं, एवढंच. मापात पाप करायचं तर याहून सोयीचा धातू नाही.

तागडीवाला
साफ असहमत. आमचं किराण्याचं दुकान आहे. बिडाचं वजन उलटं करून बघा, बुडाच्या भोकात शिसंच भरलेलं असतं आणि वैधमापनवाले शिक्का त्यावरच मारतात. मऊ आहे म्हणून ठसा बसतो, आणि कुणी छेडलं तर लगेच दिसतं. तुम्ही ज्याला दोष म्हणताय तीच त्याची खुबी.

काथ्याकूट
तुमच्या शिशाभोवती बीड आहे, साहेब. त्यांचं सगळं वजनच शिशाचं, आणि चित्र एका बाजूला. मागून खरवडलं तर डॉल्फिनला पत्ताही लागणार नाही. आपल्याकडे कौटिल्यानं वजनं लोखंडाची किंवा मगध-मेकलच्या दगडाची सांगितली, पाण्यानं वाढू नयेत आणि उष्णतेनं घटू नयेत म्हणून. याला विचार म्हणतात.

पायवाट
दुकानदाराच्या हातातलं वजन म्हणजे नक्कल. अस्सल नमुना सरकारजवळ. इ.स.पू. ५०० च्या सुमाराचा कांस्य वजनांचा संच थोलोस या गोल इमारतीजवळच्या विहिरीत सापडला, त्यावर 'अथेनियनांचं सार्वजनिक' असं कोरलंय. शिवाय 'अथेनियनांची राज्यघटना' या ग्रंथात दहा मेट्रोनोमोई नोंदलेत, पाच शहरात आणि पाच पिरेयस बंदरात. विक्रेत्यांची मापं-वजनं खरी आहेत ना, हे बघणं हेच त्यांचं काम. समोरच्या पारड्यात नमुना ठेवला की मागून खरवडलेलं तिथल्या तिथे उघडं पडणार. वजन कशाचं आहे याला मग फारसं महत्त्व राहत नाही.

शंकेखोर
त्याच संचाचे आकडे द्या की! हाडाच्या चिन्हाचा स्टाटेर ७९५ ग्रॅम, ढालीचा पाव १९०, कासवाचा सहावा हिस्सा १२६. गुणाकार करा: १९० चोक ७६०, १२६ सक ७५६. नमुन्यातच चार-पाच टक्के फरक. अडीच हजार वर्षांच्या गंजाला काही सूट दिली तरी 'अस्सल' हा शब्द जपून वापरावा.

आणि या संचात कासव म्हणजे सहावा हिस्सा, धागाकर्त्याच्या शिशाच्या वजनांत चौथा. 'अडाणी गिऱ्हाइकासाठी चित्रं' असं हमखास सांगितलं जातं. मग ज्याच्या घरात आजोबांच्या वेळेपासून कासव ओळखीचं, त्याचं काय झालं असेल?

पायवाट
झालं असेल भांडण. मेट्रोनोमोई फुकट ठेवले नव्हते.

शीगवाली
तुम्ही सगळे खरवडण्यातच अडकलात. सरकारनंच मिना बदलला त्याचं काय? इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या शेवटी शेवटी ठराव झाला: व्यापारी मिना १३८ द्राख्मांचा (द्राख्मा म्हणजे मिनाहून लहान वजन), वर १२ द्राख्मांचा पासंग, आणि तराजूची दांडी १५० वर समतोल धरायची. शेकडा जवळजवळ नऊ जास्तीचे. आपल्याकडे 'पासंगालाही पुरत नाही' म्हणतात, तिथे पासंगच मुळी कायद्यानं ठरवलेला! अक्रोड, बदाम, खजूर यांसाठी वेगळं माप, तेही शीग लावून. हे उघडउघड गिऱ्हाइकाच्या बाजूनं आहे.

काथ्याकूट
गिऱ्हाइकाच्या बाजूनं कसं? सगळ्यांचाच मिना जड झाला की दुकानदार भाव चढवणार. फायदा झालाच तर चार दिवस.

शीगवाली
भाव चढला तर डोळ्याला दिसतो, माप हलकं झालेलं दिसत नाही. चोरी नेहमी न दिसणाऱ्या बाजूनं होते, म्हणून कायदा तिथे घातला. तुम्ही बाजारात जाता का हो कधी?

काथ्याकूट
जातो, आणि काटा शून्यावर आहे का तेही बघतो :) पडताळणीची सोय होती, हे मान्य. पण त्याच ठरावात नमुने कुणाकडे सोपवलेत? थोलोस, पिरेयस आणि एल्युसिस इथल्या सरकारी गुलामांकडे. ज्याला स्वतःचं काही नाही, त्याच्या हाती शहराचा मिना.

तागडीवाला
त्यात वावगं काय? त्याला विकायला ना बदाम, ना खजूर. मी तर म्हणतो, दुकानदाराच्या मेहुण्याकडे दिला नाही हेच बरं केलं.