‘हिमकडा कोसळला’ की ‘हिमस्खलन झाले’?

विचारणा (फोंडा): आमच्या महाविद्यालयाची मुले डिसेंबरात उत्तराखंडातील केदारकांठा येथे जाणार असून, त्यांच्यासाठी मराठी सूचनापत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मूळ हिंदी पत्रकात ‘हिमपात’ आणि ‘हिमस्खलन’ असे शब्द आहेत. मराठी वृत्तपत्रांत मात्र ‘हिमकडा कोसळला’ असे वाचनात येते. हे सारे शब्द एकाच अर्थाचे मानावेत काय?

उत्तर (पणजी): ताई, मुळीच मानू नयेत. ‘हिमपात’ म्हणजे आकाशातून हिम पडणे, अर्थात हिमवर्षाव. ‘हिमस्खलन’ म्हणजे उतारावर साचलेले हिम सुटून खाली येणे. ‘स्खल्’ या धातूत घसरण्याचा, पाय निसटण्याचा भाव आहे आणि तो येथे अगदी नेमका बसतो.

माझा आक्षेप ‘हिमकडा’ या शब्दाला आहे. चोर्ला किंवा अनमोड घाटात दरड कोसळते ती वरून, त्यामुळे ‘कडा’ म्हटले की आपल्याकडचा वाचक मान वर करून धोका शोधतो. प्रत्यक्षात घट्ट थराची घातक स्खलने बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात (फार उभ्या कड्यावर हिम जाड साचतच नाही), आणि त्यांत सापडणाऱ्या हौशी गिर्यारोहकांच्या बाबतीत तर बहुतेकदा ते त्यांच्याच किंवा सोबत्यांच्या भाराने सुटते. धोका पायाखाली असतो आणि ‘हिमकडा’ हा शब्द नेमके तेच झाकतो.

साचलेल्या हिमात थरांवर थर असतात. बाहेर कडाक्याची थंडी आणि जमिनीलगत त्यामानाने ऊब असली, की पातळ हिमाच्या आतले कण वाढून मिठागरातल्या जाड्या मिठासारखे सुटे होतात, एकमेकांना धरत नाहीत. अशा थराला मी ‘कच्चा थर’ म्हणेन. त्यावर वाऱ्याने दाबून बसवलेली लादी आली, की ती एकसंध सुटते.

पुरवणी (मडगाव): बाकी सारे पटले, पण ‘लादी’ मात्र खटकली. मासळीबाजारात ‘बर्फाची लादी’ रोज पाहणाऱ्या मुलांना ती दगडासारखी टणक वाटेल, आणि भुसभुशीत दिसणारे हिम ती निर्धोक समजतील. पाय रुतण्याइतके मऊ हिमही एकसंध सुटू शकते.

उत्तर (पणजी): आपली सूचना योग्य आहे, ‘लादी’ मागे घेतो, ‘घट्ट’ म्हणतानाही टणकपणा नव्हे, एकसंधपणाच अभिप्रेत आहे. ताई, पत्रकात असे लिहावे: ‘चालताना पायाखाली धप्प असा आवाज झाला किंवा हिमात भेगा पळताना दिसल्या, तर वरचा थर कच्च्या थरावरून सुटू पाहत आहे असे समजून, वाटाड्या सांगेल त्या मार्गाने, एकेक करून उताराबाहेर पडावे. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, म्हणून शोध सोबत्यांनीच तत्काळ सुरू करावा.’ शीर्षकात ‘हिमस्खलन’ हाच शब्द ठेवावा.