अनुभव धागा: "आई, ओरडू नकोस, सुई टोचली"

लेबररूमवाली
परवा रात्री पावणेदोनला लेकीचा फोन. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) फर्स्ट इयरला आहे, हॉस्टेलवर असते. इंजेक्शन देऊन झाल्यावर टोपण परत लावायला गेली आणि सुई बोटात. म्हटलं कोणाला सांगितलंस? तर म्हणे कोणालाच नाही, इन्चार्ज सिस्टर फार ओरडतात. मी पलंगावर उठूनच बसले, कारण हेच्च मी केलं होतं २००६ साली.

पहाटे तीनची डिलिव्हरी, टाके घालून झालेले, मी ट्रे आवरत होते. कोणीतरी सुई कापसाच्या बोळ्यात खोचून ठेवलेली. ग्लोव्हच्या आत रक्ताचा एवढासा ठिपका दिसला. नळाखाली बोट धरून पिळपिळ पिळलं (पिळायचं नसतं, साबण-पाण्याने नुसतं धुवायचं, पण तेव्हा सुचतंय कोणाला). बाई ऐनवेळी आलेली, एकही रिपोर्ट नाही. सकाळी ओव्हर देताना (पुढच्या ड्युटीवालीला चार्ज देताना) रडू फुटलं तेव्हा सगळ्यांना कळलं. इन्चार्ज आधी "झोपेत काम करता का" म्हणून ओरडल्या आणि मग स्वतः रिक्षा करून गोळ्या आणायला घेऊन गेल्या. बाईचा एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. मग माझे २८ दिवस, आपल्याला लागण होऊ नये म्हणून दिवसाला दोनदा गोळ्या.

आणि माझं लग्न तीन आठवड्यांवर. हळदीला मी ओकतेय आणि बायका एकमेकींकडे बघतायत 😄 आईने तर देव पाण्यात ठेवले. होणाऱ्या नवऱ्याला आधीच एसटी स्टँडवर बोलावून सगळं सांगितलं होतं, म्हटलं मोडायचं तर मोडा. त्यांनी एकच विचारलं, "गोळी जेवणाआधी का जेवणानंतर?"

तुमचंही लिहा. कुकरची शिट्टी झाली, येते.

झिरोनंबर
ताई, लेकीने गोळी चालू केली का??? ते आधी सांगा

लेबररूमवाली
हो हो, तासाभरात. फोन चालू ठेवूनच तिला कॅज्युअल्टीला पाठवलं. आता एकच गोळी असते रोज, रात्री घेते. त्या पेशंटचा रिपोर्ट यायचाय.

झिरोनंबर
बरं झालं. ७२ तासांच्या आत म्हणतात पण दोन तासांत घेतलेली उत्तम.
आणि सगळे सिस्टर सिस्टर करतायत, आम्ही ब्रदर पण आहोत हो इथे. मला ॲक्सिडेंटच्या पेशंटचं रक्त डोळ्यात उडालं होतं, इंट्युबेशनला (श्वासनळीत नळी घालायला) मदत करताना. सलाईनची अख्खी बाटली डोळ्यावर ओतली. तेव्हापासून ड्युटीला झिरो नंबरचा चष्मा, सासरे प्रत्येक सणाला विचारतात नंबर वाढला का

केशरीबाई
माझ्या नावावरून ओळखा काय झालं होतं 😂 मेडिसिन वॉर्डात चार वर्षं, पंखे बंद खिडक्या बंद, खोकणारे पेशंट मधल्या जागेत गाद्यांवर, आणि मास्क म्हणजे तो निळा पातळवाला. मानेला गाठ आली, मला वाटलं उशी बदलली म्हणून. टीबी निघाला. पहिल्या गोळीनंतर लघवी केशरी झाली तर मीच घाबरले, नर्स असून!! पेशंटला रोज सांगायचे की घाबरू नका रंग बदलतो. सहा महिने गोळ्या घेतल्या. सासूबाईंनी ताट-वाटी वेगळी केली. गाठीचा टीबी कोणाला लागत नाही हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, शेवटी शेजारच्या काकूंनी सांगितल्यावर पटलं. कोर्स संपल्यावर ते ताट मी भंगारात दिलं, स्टीलचं होतं, चांगलं जाड.

खाजूताई
तुमचं सगळं मोठं मोठं आहे, मला खरूज झालेली. हसू नका. एका आजोबांना रोज स्पंज करायचे, त्यांना होती, कोणाच्या लक्षात आली नाही. माझ्याकडून नवरा, मुलगा, माहेरी राखीला गेले तर भाऊ, वहिनी. सगळ्या खानदानाने एका रात्री मानेपासून तळपायापर्यंत मलम चोपडलं आणि भूतासारखे बसलो टीव्ही बघत

केशरीबाई
वहिनी बोलते का अजून?

खाजूताई
राखी आता कुरिअरने पाठवते 😭

मुंबईची_नाईट
आमच्या ट्यूटर मॅडमनी पाठ करून घेतलेलं, तीस, तीन, शून्य पूर्णांक तीन. म्हणजे सुई टोचली तर शंभरात बी कावीळ तीस, सी तीन, एचआयव्ही ०.३. पण सगळे घाबरतात फक्त एचआयव्हीला. बीची लस आहे ना, ०-१-६ महिन्याला, घेतलेल्या किती जणी? तिसरा डोस निम्म्या विसरतात, टायटर (लस लागू पडली का ते सांगणारी रक्ताची टेस्ट) तर कोणी बघतच नाही.

लालपिशवी
माझी आई सफाईच्या कामावर होती, ठेकेदाराकडून. तिला लाल पिशवीतल्या (प्लास्टिक कचऱ्याच्या) सुया तीनदा टोचल्या. सुईने पांढऱ्या डब्यात जायचं असतं पण घाईत कोण बघतंय. सिस्टरना निदान रजिस्टर असतं, मावशींचं कुठे लिहितात? ठेकेदार म्हणायचा हळद लाव. तुमच्यावर राग नाही, पण सुई कटरमध्ये टाकताना एकदा मावशी आठवा.

लेबररूमवाली
खरं आहे ताई. वाचून गप्प झाले.

मुंबईची_नाईट
१० मार्चला आम्ही सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो. १८९७ च्या प्लेगमध्ये पेशंटची सेवा करता करताच गेल्या त्या. भाषण होतं, त्याग वगैरे. आणि एन-९५ मागितला की स्टोअरवाला विचारतो, "मागच्या आठवड्यात दिलेला काय झाला?"

थंडीतलीशेवंता
इंग्लंडमधून लिहितेय, ब्रेकमध्ये. इकडे २०१३ पासून नियम आहे, सुईला टोपण परत लावायचंच नाही, जमेल तिथे सेफ्टीवाल्या सुया. तरी मला टोचली, सोळा वर्षांची भारतातली सवय, हात आपोआप टोपणाकडे जातो. इथे कोणी ओरडलं नाही, फॉर्म भरायला लावला एवढाच. अकरा पानं!! त्यापेक्षा आमच्या इन्चार्जचं ओरडणं परवडलं

झिरोनंबर
शेवंता तिकडे ब्रदरची भरती आहे का

थंडीतलीशेवंता
आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) झालंय का? मेसेज करते

पीपीईतली
कोविडचं कोणीच कसं लिहिलं नाही?

केशरीबाई
नको बाई

पीपीईतली
एवढंच लिहिते. मे महिना, सहा तास किट. काढताना ग्लोव्ह उलटा केला की घाम धारेने पडायचा, जसं पिचकारीतलं पाणी. पाठीवर मार्करने नाव लिहायचो कारण कोण कोण आहे कळायचं नाही, एकीने नावाऐवजी "भूक लागली" लिहिलेलं.

खाजूताई
😂😂 कोण ती, मला भेटायचंय

लेबररूमवाली
अपडेट. पेशंट निगेटिव्ह आला, बी पण सी पण. गोळीचं काय ते तिथले डॉक्टर ठरवतील, दीड महिन्याने परत टेस्ट आहे. आणि त्या ओरडणाऱ्या इन्चार्जनी लेकीला डब्यातली थालीपिठं दिली म्हणे, ओरडून झाल्यावर. हे आमचे विचारतायत, तिची गोळी जेवणाआधी का नंतर.