पडद्यावर मेलेला माणूस

‘भावना खरी असली की पुरे, युद्धपटात थोडं वाढवलं तर काय बिघडलं?’ हे मत मला पटत नाही. १९९७ साली ‘बॉर्डर’ हा १९७१ च्या भारत-पाक युद्धातल्या, राजस्थानातल्या लोंगेवालाच्या लढाईवरचा सिनेमा मी ठाण्यात, नौपाड्याच्या काकांबरोबर पाहिला. काका फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. सुनील शेट्टीचं पात्र मरतं तेव्हा मी रडलो होतो. पुढे कळलं, ज्यांच्यावरून ते पात्र घेतलं, ते सीमा सुरक्षा दलाचे भैरोंसिंग राठोड लोंगेवालाहून जिवंत परतले होते. ते गेले डिसेंबर २०२२ मध्ये. पडद्यावरच्या मरणानंतर पंचवीस वर्षांनी!

जिवंत माणसाला का मारायचं? मूळ घटना काय कमी थरारक आहे? मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या जेमतेम सव्वाशे जवानांनी रणगाड्यांना रात्रभर थोपवलं, कारण जैसलमेरची हंटर विमानं अंधारात हल्ला करू शकत नव्हती. उजाडल्यावर ती आली आणि चित्र पालटलं. सिनेमात हे आहे, पण भाषणं आणि हौतात्म्य यांच्या गर्दीत ती वाट पाहणारी रात्र दबून जाते. घरी येताना तलावपाळीवर काका एवढंच म्हणाले, “उजाडेपर्यंत मोर्चा धरून बसणं, हेच सगळ्यात अवघड असतं रे.”