दाढ काढायची आहे, पण हाडांचं इंजेक्शन आडवं आलंय. मदत हवी आहे

त्रस्त_समंध: आईची खालची दाढ हलतेय, हिरडीतून पू येतोय. दातांचे डॉक्टर म्हणतात, आधी हाडांचं इंजेक्शन बंद करा, नाहीतर जबड्याचं हाड मरेल. हाडांचे डॉक्टर म्हणतात, इंजेक्शन अजिबात चुकवायचं नाही. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, मधल्या मध्ये मी पोस्टमन. परवाची वेळ घेतलीय. काढू की नको, एवढंच सांगा. "डॉक्टरांना विचारा" लिहिणाऱ्यांनी पुढच्या धाग्यावर जावं.

दंतकथा: कुठलं इंजेक्शन? शेवटचं कधी घेतलं? कॅन्सरसाठी की ठिसूळ हाडांसाठी?

त्रस्त_समंध: हाडांचं म्हटलंय ना वर!

हाडाचा_वाचक: अ‍ॅलेंड्रोनेट असणार. आमच्या सासूबाईंनी दोन महिने बंद ठेवलं, दात काढला, काही झालं नाही. सीटीएक्स नावाची रक्ततपासणी करा. आकडा चांगला आला की बिनधास्त.

दंतकथा: अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी असते, इथे इंजेक्शन लिहिलंय. शिवाय ते हाडात वर्षानुवर्षं मुरून बसतं, दोन महिन्यांनी काय होणार? आणि सीटीएक्सवरून जबड्याचा धोका ओळखता येतो, हे सिद्ध झालेलं नाही.

हाडाचा_वाचक: नसेल झालं. सासूबाईंचा जबडा शाबूत आहे.

काडेपेटी: एकोणिसाव्या शतकात काडेपेटीच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेनं कामगारांचे जबडे असेच झडायचे. 1906च्या बर्न करारानं तो फॉस्फरस बंद झाला. 2003 मध्ये बिस्फॉस्फोनेट (अ‍ॅलेंड्रोनेट ज्या गटातलं, ती हाडांची औषधं) घेणाऱ्यांत जबड्याचं हाड उघडं पडायला लागलं, तेव्हा लोकांना तोच आजार आठवला.

खूर_आणि_शेपूट: मांजरांना रक्तातलं कॅल्शियम वाढलं की अ‍ॅलेंड्रोनेट देतात. दीर्घकाळ दिल्यावर गुडघ्याची वाटी मोडल्याच्या आणि जबड्याचं हाड मेल्याच्या नोंदी आहेत. आम्ही औषध सुरू करण्याआधीच तोंड तपासतो, खराब दात आधी काढतो. माणसांत कोणी हे करत नाही का?

दंतकथा: करायला हवं. होत नाही.

त्रस्त_समंध: आमच्याकडे मांजर नाही!! फ्रिजमधला खोका बघितला, पुढचा डोस आणून ठेवलाय. डेनोसुमॅब 60 मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी. मागचं घेऊन पाच महिने झाले. कॅन्सर नाही. नेटवर वाचून झोप उडालीय.

दंतकथा: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. नेटवरच्या भीतीदायक कहाण्या बहुतेक कॅन्सरवाल्यांच्या, त्यांना 120 मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी मिळतं. तुमच्या डोसला धोका खूप कमी. पण डेनोसुमॅब हाडात साठत नाही. म्हणून ते मनानं बंद केलं की झीज उसळून येते आणि मणके पिचतात. तिथे हाडांचे डॉक्टर बरोबर आहेत. 2020 मध्ये कोविडच्या धामधुमीतही तज्ज्ञांचं म्हणणं होतं, दोन डोसांत सात महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको.

आता गणित करा. पाच महिने झालेत, म्हणजे औषधाचा जोर ओसरत आलाय. दाढ परवा निघाली, जखमेला सहा आठवडे दिले, तरी पुढचं इंजेक्शन साडेसहा महिन्यांवर येतं. अंतर सातच्या आत. दोन्ही डॉक्टरांसमोर हे तारखांसकट ठेवा. पू ठेवून वाट बघणंही जबड्याला चांगलं नाही.

स्टेरॉइड वगैरे चालू आहे का?

त्रस्त_समंध: संधिवातासाठी प्रेडनिसोलोन. का?

दंतकथा: का म्हणजे! त्यानं धोका वाढतो, जखमही सावकाश भरते. दाढ काढणाऱ्याला आधी सांगा. आणि ती गोळी स्वतःहून बंद करू नका.

त्रस्त_समंध: हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर पुढच्या इंजेक्शनची तारीख टाकून दिली. तीच चिठ्ठी दातांच्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी उलटी करून पाहिली, मग "चालेल" म्हणाले. परवाची वेळ तशीच आहे.

हाडाचा_वाचक: सीटीएक्स केली का?